किल्ली फिरते आहे तोवर

आपल्या मध्यमवर्गीय घरांत दुरुस्तीचा एक अलिखित कायदा आहे. वस्तू पुरती बंद पडल्याखेरीज तिला हात लावायचा नाही! पंखा कुरकुरतो, पण फिरतो ना? मग फिरू द्या. नळ ठिबकतो? खाली बादली ठेवा, ते पाणी झाडांना होईल. दाढ ठणकते? लवंग धरा आणि दिवाळी पार पडू द्या. बहुतेक वस्तू हा कायदा निमूटपणे सोसतात. कारण बंद पडलेला पंखा उघडणे हे कुरकुरणारा पंखा उघडण्याहून काही फारसे अवघड नसते.

पण मोटारीत एक जागा अशी आहे की, तिथे हा कायदा मालकाला हमखास अडकवतो. ती म्हणजे किल्ली घालण्याची जागा. बऱ्याच जुन्या मोटारींत हे कुलूप चालू असेल तर थोडक्या वेळात सुटून हातात येते, आणि तेच बंद पडले की भल्या कारागिराला दोन-दोन दिवस घाम फोडते. कारण सोपे आहे. कुलूप बाहेर काढायलाही आधी किल्लीच फिरवावी लागते! किल्ली फिरली नाही म्हणजे गाडी सुरू होत नाही, एवढ्यावर भागत नाही. बिघडलेले कुलूपही जागचे हलत नाही. तिजोरीची किल्ली तिजोरीतच राहावी, त्यातला हा प्रकार.

आमच्या घराण्यातल्या एका म्हाताऱ्या मोटारीने २०२२ च्या पावसाळ्यात आम्हां सर्वांना हा धडा दिला. ज्यांच्या दारात वडिलांची, सासऱ्यांची किंवा हौसेने विकत घेतलेली जुनी गाडी उभी आहे, त्यांना तो उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

नैरोबीची पाहुणी

माझे धाकटे काका नैरोबीला इंजिनिअर होते. १९८७ साली ते कायमचे पुण्यास परतले, तेव्हा त्यांच्या सामानात चार लाकडी पेटारे, काकूचा सतार ठेवण्याचा भलामोठा खोका आणि एक पांढरी मोटार होती. मर्सिडीज-बेंझ २४० डी, १९८२ सालची.

मर्सिडीज म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे सिनेनट आणि साखरसम्राट उभे राहतील. पण ही त्या थाटातली नव्हे. कारखान्याच्या बोलीत हिच्या जातीला डब्ल्यू १२३ म्हणतात. १९७६ ते १९८६ या सुमारास अशा जवळजवळ सत्तावीस लाख गाड्या बनल्या आणि जर्मनीत त्यांतल्या कितीतरी टॅक्सी म्हणून राबल्या. २४० डीचे इंजिन डिझेलचे, चार सिलिंडरांचे. वेग बेताचा, आवाज ट्रॅक्टरच्या नात्यातला, आयुष्य मात्र वडाच्या झाडाचे. याच जातीचे इंजिन असलेल्या १९७६ सालच्या एका ग्रीक टॅक्सीने ४६ लाख किलोमीटरची मजल मारली, आणि २००४ मध्ये तिच्या मालकाने ती कंपनीच्या संग्रहालयाला देऊन टाकली!

काका २०१९ मध्ये गेले. गाडी राहिली, आणि तिच्यासोबत एकोणऐंशीच्या घरातली आमची काकू. काकूची थोरली बहीण साताऱ्याला असते. तिने अंथरूण धरल्यापासून काकू महिन्यातून एकदा तरी तिला भेटून येते. गुडघ्यांमुळे तिला हल्लीच्या उंच गाड्यांत चढवत नाही आणि ठेंगण्या गाड्यांतून उठवत नाही. या म्हाताऱ्या मोटारीची बैठक मात्र तिला आरामखुर्चीसारखी मानवते. त्यामुळे सारथ्य माझ्याकडे आणि साताऱ्याची वारी या गाडीतून, असा शिरस्ता पडला होता.

जून महिन्यात एका रविवारी सकाळी आम्ही निघालो, काकू डबे मांडीवर घेऊन बसली, मी किल्ली घातली, आणि किल्ली फिरेना! दहा मिनिटे खटपट केल्यावर, जणू काही झालेच नाही अशा थाटात ती फिरली. पुढल्या खेपेला वीस मिनिटे लागली. घरात लगेच दोन पक्ष पडले. आमच्या सौ.चे म्हणणे, "अहो, फिरतेय ना अजून? मग दिवाळीनंतर बघा." चिरंजीवांचा पक्ष त्याहून जहाल. "विकून टाका!" त्यालाही कारण होते. गाडीची फेरनोंदणी नोव्हेंबरात संपत होती. पंधरा वर्षे झाली की दर पाच वर्षांनी ती करून घ्यावी लागते, आणि एप्रिल २०२२ पासून परदेशातून आणलेल्या मोटारीसाठी ही फी १५,००० रुपयांवरून ४०,००० झाली होती. त्यात गाडी तपासणीला आपल्या चाकांवर न्यावी लागते. जी सुरूच होत नाही, ती नेणार कशी?

काकू काही बोलली नाही. तिने फक्त नाना पेठेतल्या मिस्त्रींना फोन लावला.

कुलपाच्या पोटात

हे मिस्त्री काकांच्या वेळेपासूनचे. त्यांनी किल्ली घातली, कान लावून ऐकल्यासारखे केले, स्टिअरिंग जरा डावीउजवीकडे हलवले आणि म्हणाले, "वहिनी, आज वळतीय. उद्या वळंल ह्याची ग्यारंटी नाय. वळतीय तोवर काढून घ्या."

त्यांनी स्टिअरिंग का हलवले, हे समजून घेण्यासारखे आहे. किल्लीच्या त्या इवल्याशा भोकामागे एक नव्हे, तीन यंत्रे एकापाठोपाठ बसवलेली असतात. पहिले खुद्द कुलूप. त्याच्या नळीत पितळी पट्ट्यांची रांग असते आणि प्रत्येक पट्टीला मागून एक स्प्रिंग रेटत असते. योग्य किल्ली आत गेली की तिच्या खाचांमुळे सगळ्या पट्ट्या एका रेषेत येतात आणि नळी फिरायला मोकळी होते. एक पट्टी जरी केसभर वर-खाली राहिली, तरी नळी हटून बसते.

दुसरे यंत्र स्टिअरिंगचे कुलूप. किल्ली काढून घेतली की एक पोलादी खिट्टी पुढे सरकते आणि स्टिअरिंगच्या दांड्यातल्या खाचेत शिरते. चाक मग फार फिरवता येत नाही. तिसरे म्हणजे विजेचा स्विच. इंजिन, दिवे, पंखा कोणाला वीज केव्हा द्यायची, हे तो ठरवतो. आमच्या गाडीत किल्लीच्या चार खुणा आहेत. शून्यावर किल्ली बाहेर निघते आणि स्टिअरिंग जखडते. एकवर स्टिअरिंग सुटते. दोनवर सर्व वीज चालू होते आणि थंड इंजिनाला ऊब देणाऱ्या तारा तापतात. तीनवर स्टार्टर फिरतो.

आता किल्ली अडली, तर दोष पहिल्यात की दुसऱ्यात? गाडी उताराला उभी असेल किंवा पुढचे चाक फुटपाथला टेकून असेल, तर दांडा त्या खिट्टीवर दाब देतो आणि ती खाचेत आवळून बसते. अशा वेळी स्टिअरिंग हळूच दाबाच्या उलट दिशेला धरून किल्ली फिरवली की काम होते. कुलपात दोष नसतो. पण स्टिअरिंग मोकळे करूनही किल्ली अडत असेल, किंवा थोडी बाहेर ओढून हलवल्यावरच फिरत असेल, तर पट्ट्या झिजल्या असे समजावे. आमचे दुखणे या दुसऱ्या जातीचे होते.

डिझेलच्या या जुन्या मर्सिडीजमध्ये एक चौथी गंमतही आहे. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते. वीज तोडली की ते थांबते. डिझेलला ठिणगी लागतच नाही. एकदा सुरू झाले की तेल मिळेतो ते चालत राहते. मग किल्लीने ते थांबवायचे कसे? या कारखान्याने तोड काढली ती हवेची. इंजिनावरचा एक लहान पंप हवा खेचून निर्वात निर्माण करतो. ब्रेकला जोर देणे हे त्याचे मुख्य काम. त्याचीच एक बारीक नळी कुलपापर्यंत आणलेली असते. किल्ली मागे फिरवली की कुलपामागची झडप उघडते, ओढ तेलाच्या पंपापर्यंत पोचते, तिथला पडदा खेचला जातो आणि तेल बंद होते. नळीला चीर गेली, तर किल्ली मालकाच्या हातात आणि इंजिन धडधडतेच आहे, असा भुताटकीचा देखावा दिसतो! घाबरू नये. बॉनेट उघडल्यावर 'स्टॉप' असे लिहिलेला एक दांडा असतो. तो दाबला की भूत उतरते.

चोरांनी घडवलेले यंत्र

एवढा खटाटोप एका किल्लीसाठी कशाला, असे सौ.ने विचारले. त्याचे उत्तर चोरांकडे आहे.

पहिल्या मोटारी पुढच्या बाजूने हँडल मारून सुरू होत. १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांना चार्ल्स केटरिंग यांनी विजेचा स्टार्टर दिला आणि मनगटे मोडण्याचे प्रमाण घटले. पुढे कितीतरी वर्षे किल्ली फक्त विजेला परवानगी देई. स्टार्टरसाठी निराळे बटण असे. किल्ली पुढे फिरवली की इंजिनही सुरू व्हावे, ही सोय क्रायस्लर कंपनीने १९४९ मध्ये आणली. सोय झाली खरी, पण चोरांचीही झाली. डॅशबोर्डाखालच्या दोन तारा जोडल्या की गाडी आपली!

त्यावर उतारा म्हणून स्टिअरिंगचे कुलूप पुढे आले. गाडी सुरू करता आली तरी वळवता येऊ नये, हे त्यातले मर्म. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये नव्या मोटारींना ते सक्तीचे केले आणि १९६३ पर्यंत जुन्या मोटारींनाही लावायला लावले. तिथल्या मोटारचोऱ्या खूपच खाली आल्या. अमेरिकेत १९७० पासून नियम आला. फ्रान्समध्ये तर अशी कुलपे करणाऱ्या नेमान नावाच्या उत्पादकावरून बोलीभाषेत या वस्तूलाच 'नेमान' म्हणू लागले. आपण वनस्पती तुपाला डालडा म्हणतो, तसे.

ब्रिटनची हकिकत सर्वांत बोधप्रद आहे. तिथे १९७१ पासून फक्त नव्या गाड्यांना हे कुलूप लागले. जुन्या तशाच राहिल्या. १९७६ मध्ये ब्रिटिश गृहखात्याने 'क्राइम ॲज ऑपॉर्च्युनिटी' या नावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले की, लंडन भागात नव्या गाड्यांच्या चोऱ्या कमी झाल्या, पण जुन्या गाड्यांच्या वाढल्या. चोर काही साधू झाले नव्हते. त्यांनी फक्त ज्या घराला कडी नाही, त्या घराकडे मोर्चा वळवला होता.

बटणाचा सल्ला

हा इतिहास सांगायचे कारण असे की, आम्हांला स्वस्तातला एक सल्ला लगेच मिळाला. दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने गाडी पाहून हसत सांगितले, "अहो, कुठे जर्मनीहून सामान मागवताय? कुलूपच तोडून टाकू. डॅशबोर्डावर एक खटका आणि एक बटण लावतो. तीनशे रुपयांत काम!"

तीनशे रुपये हा शब्द ऐकून आमच्या घरातला जहाल पक्षही मवाळ झाला. पण मिस्त्रींनी मान हलवली, आणि त्यांचे म्हणणे मला पटले. पहिली गोष्ट, कुलूप तोडले की आपली गाडी त्या लंडनच्या जुन्या गाड्यांच्या पंक्तीला जाऊन बसते. रस्त्यावरच्या सगळ्या गाड्यांना कडी, आणि आपलीच तेवढी उघडी! दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. खटक्याच्या तारा बहुधा जिथे मिळतील तिथून ओढलेल्या असतात. जुन्या गाडीत आग लागते ती पुष्कळदा अशाच तारांतून. तिसरी गोष्ट, आमची डिझेल. बटणाने ती सुरू होईल; थांबवणार कशाने? रोज बॉनेट उघडून?

स्टिअरिंगच्या कुलपाला धोका मुळीच नाही, असेही नव्हे. काही हुशार चालक घाट उतरताना तेल वाचवायला इंजिन बंद करतात. कात्रजच्या आणि खंबाटकीच्या उतारावर असे वीर मी पाहिले आहेत. त्यांना हात जोडून विनंती आहे की, किल्ली बाहेर आली तर स्टिअरिंग वळणावरच जखडू शकते; आणि इंजिन थांबले की ब्रेकला मिळणारी मदतही दोन-तीन वेळा पाय दाबल्यावर संपते. गाडी पुरती थांबल्याखेरीज किल्लीला हात लावू नये. हा नियम पाळला, तर कुलूप आपला मित्र आहे.

काकूची अट

नवे कुलूप घ्यायचे ठरल्यावर काकूने प्रथमच तोंड उघडले. "किल्ली हीच राहिली पाहिजे."

हट्ट भावनेचा होता, पण व्यवहाराचाही निघाला. या गाडीची एकच किल्ली दारांना, डिकीला आणि इंजिनाला चालते. बाजारातले कोणतेही कुलूप आणून बसवले असते, तर आयुष्यभर दोन किल्ल्या वागवाव्या लागल्या असत्या. सुदैवाने या गाड्यांचे कुलूप चासी नंबर कळवून मागवता येते. मूळ किल्लीच्याच खाचांचे कुलूप येते. मात्र गाडी आपलीच असल्याचा कागद दाखवावा लागतो, आणि ते योग्यच आहे. नाहीतर चोरही नंबर टिपून किल्ली मागवतील! सोबत मूळ नोंदीवरून कापलेली नवी किल्लीही मागवली. इथे एक बारकावा आहे. झिजलेल्या किल्लीवरून कोपऱ्यावरच्या दुकानात दुसरी किल्ली करून घेतली, तर झीजही हुबेहूब उतरते. नक्कल नेहमी मूळ नोंदीवरून करावी, नकलेवरून नव्हे.

मिस्त्रींनी एकूण तीन वस्तू लिहून दिल्या. कुलपाची नळी, मागचा विजेचा स्विच आणि स्टिअरिंगच्या कुलपाचे घर. "डिझेलचंच लिवा," असे त्यांनी दोनदा बजावले. कारण पेट्रोलच्या गाडीच्या घराला हवेच्या नळीची झडप नसते. जुलैमध्ये मागणी गेली. वस्तू येईपर्यंत गाडी जपून वापरायची, कुलपात घट्ट तेल ओतायचे नाही, कारण तेलात धूळ बसून चिखल होतो, असा पथ्याचा कागदही मिळाला.

आणि किल्लीचा जुडगा मिस्त्रींनी काकूच्या हातावर ठेवला. "वहिनी, ह्याचं वजन बगा." त्या जुडग्यात काकांनी घराची, कपाटांची, पाण्याच्या टाकीची, बँकेच्या लॉकरची आणि कसली कसली मिळून अकरा किल्ल्या ओवल्या होत्या! खड्ड्याखड्ड्याला हे लोलक कुलपात हेलकावे घेत राहिले होते. पट्ट्या झिजल्या, त्यात या जुडग्याचा हातभार मोठा.

भांड्यांवर नाव घालणारा

सप्टेंबरात, गणपतीचे विसर्जन झाल्यानंतरच्या आठवड्यात, सामान आले. मिस्त्री सकाळी आठला हजर. त्यांनी किल्ली घातली.

किल्ली फिरेना.

दहा मिनिटे, वीस मिनिटे, एक तास. स्टिअरिंग मोकळे करून पाहिले. ग्रॅफाइटची पूड फुंकून पाहिली. किल्ली जागची हलेना. नवे कुलूप पुठ्ठ्याच्या खोक्यात समोर ठेवलेले, आणि जुने आपली जागा सोडायला तयार नाही!

आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांच्या अशाच गाडीचे काय झाले होते, ते मिस्त्रींनीच आम्हांला सांगितले होते. त्यांनी "अजून फिरतेय" म्हणत वर्ष काढले. शेवटी एका मंगल कार्यालयाच्या अंगणात किल्ली शून्यावर अडकली. स्टिअरिंग जखडलेले, त्यामुळे गाडी ढकलताही येईना. पुढची चाके उचलून न्यावी लागली. कुलपाभोवतीचे कवच मुद्दाम कठीण पोलादाचे केलेले असते, चोराचे ड्रिल चालू नये म्हणून. ते कारागिराच्याही ड्रिलला तितकेच जुमानत नाही. डॅशबोर्ड उकलून, दोन दिवस कापाकापी करून ते निघाले. म्हणजे कुलूप गेले ते गेले, आजूबाजूचेही पुष्कळ गेले.

तो प्रसंग आपल्यावर आला असे मी धरून चाललो होतो. काकू व्हरांड्यात खुर्ची टाकून बसली होती. साताऱ्याहून आदल्या रात्रीच फोन आला होता की, मावशीने खाणे कमी केले आहे.

मिस्त्री उठले, हात पुसले आणि म्हणाले, "दादा, तुळशीबागेत भांड्यावर नाव घालणारा बसतो नव्हं? त्याचं मशीन आणा."

मला वाटले, मिस्त्रींना उन्हाचा त्रास झाला. पण मी गेलो. लग्नात आलेल्या तांब्यापेल्यांवर 'चि. सौ. कां.' कोरणारे ते विजेचे टोकदार यंत्र तुम्ही पाहिले असेल. टोक क्षणात कितीतरी वेळा थरथरते आणि पितळावर अक्षर उमटते. तो गृहस्थ कुतूहलाने यंत्रासह स्वतःच आला. मिस्त्रींनी किल्ली कुलपात पूर्ण घातली, यंत्राचे टोक किल्लीच्या डोक्याला टेकवले आणि दुसऱ्या हाताने किल्लीवर अगदी हलका ताण ठेवला. घर्रर्र आवाज सुरू झाला. तत्त्व साधे होते. झिजलेल्या पट्ट्यांपैकी एखादी कुठेतरी अडकून बसली होती; थरथरीने सगळ्या पट्ट्या नाचू लागल्या की, कधी ना कधी त्या एका रेषेत येणार.

मिनिट गेले. दुसरे गेले. यंत्राची जागा दोनदा बदलली. आणि एकाएकी किल्ली टक् आवाज करून एकच्या खुणेवर आली!

"आता हिला कुणी हात लावायचा न्हाई," मिस्त्री ओरडले. शेजारचा लहान मुलगा पुढे येत होता, तो जागच्या जागी थिजला.

शस्त्रक्रिया

पुढचे काम पाहण्यासारखे होते. सर्वांत आधी बॅटरीची तार सोडली. मग किल्ली एकवर ठेवूनच, कुलपाच्या कडेच्या बारीक फटीत टोक घासून धारदार केलेली पोलादी तार घातली. आत एक लहानशी खीळ असते. ती तारेने दबली की बाहेरची काळी कडी सुटते आणि नळी किल्लीसकट सरळ बाहेर येते. चाळीस वर्षे आत बसलेली ती वस्तू काकूच्या अंगठ्याएवढी होती.

नंतर वेग दाखवणाऱ्या तबकड्यांचा संच पुढे ओढून काढला. या गाडीत तो नुसता घट्ट बसवलेला असतो. त्याच्या पोकळीतून हात घालून मिस्त्रींनी मागच्या स्विचची जोडणी काढली, हवेच्या नळ्यांवर रंगीत दोरे बांधून खूण केली, घराची पकड सैल केली, ते धरून ठेवणारी खीळ दाबली आणि सगळे घर बाहेर काढले. ही खीळही किल्ली एकवर असतानाच दबते, हे त्यांनी मला मुद्दाम दाखवले. नवे घर बसवले, नवा स्विच तीन स्क्रूंनी आवळला. हवेच्या नळ्यांचे रबरी सांधे कडक झाले होते, तेही त्यांनी बदलले. नळ्या उलट लागल्या तर इंजिन थांबणार नाही. म्हणून ते दोरे.

शेवटी नवी नळी आत सरकवण्याआधी त्यांनी काकूला बोलावले. काकूने काकांची जुनी किल्ली नव्या कुलपात घातली. ती फिरली, पण किंचित अडखळत. मग नवी किल्ली घातली. ती लोण्यातून सुरी जावी तशी फिरली. काकू दोन्ही किल्ल्या हातात घेऊन क्षणभर पाहत राहिली. मग जुनी तिने कनवटीला लावली आणि नवी माझ्या हातावर ठेवली. "ही गाडीला. ती मला." अट तिनेच सोडवली.

बॅटरी जोडली. दोनवर तारा तापल्या, दिवा विझला, तीनवर इंजिन धडधडले. किल्ली मागे फिरवताच ते गप्प झाले. कुलपी खिट्टी खाचेत बसते की नाही, सुटते की नाही, हे मिस्त्रींनी वीस वेळा करून पाहिले आणि मगच डॅशबोर्ड बंद केला. दुपारचे तीन वाजले होते. भांड्यांवर नाव घालणाऱ्याने पैसे घेतले नाहीत; त्याऐवजी जुन्या नळीवर बारीक अक्षरांत काकांचे नाव कोरून दिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही साताऱ्यास निघालो. मावशी त्यानंतर सात आठवडे होती. त्या सात आठवड्यांत काकू पाच वेळा जाऊन आली. ऑक्टोबरात गाडी स्वतःच्या चाकांवर तपासणीला गेली, फी भरली, फेरनोंदणी झाली.

चार गोष्टी पदरात

ज्यांच्याकडे कुठलीही जुनी मोटार आहे, मग ती फियाट असो की अँबॅसिडर, त्यांनी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. प्रत्येक गाडीची रचना निराळी असेल, पण तत्त्व तेच.

एक, किल्ली अडू लागली की आधी स्टिअरिंग मोकळे करून पाहा. तरीही अडली, तर जोर करू नका. किल्ली आत मोडली तर दुप्पट संकट.

दोन, मोटारीच्या किल्लीला दुसरे काही अडकवू नका. घराचा जुडगा कमरेला शोभतो, कुलपात नाही.

तीन, नवी किल्ली झिजक्या किल्लीवरून नव्हे, मूळ नोंदीवरून करून घ्या, आणि ती नोंद गाडीच्या कागदांबरोबर जपून ठेवा.

चार, सामान हाती येईपर्यंत महिने जातात. म्हणून पहिल्यांदा अडली, त्याच आठवड्यात मागणी नोंदवा. कुलूप सूचना देते, पण ती फार वेळा देत नाही.

दिवाळीच्या साफसफाईत आपण माळे काढतो, भांडी घासतो, कंदिलाची वायर तपासतो. त्यातली पाच मिनिटे दारातल्या त्या म्हाताऱ्या मोटारीला द्या. आणि दुरुस्तीचा तो अलिखित कायदा इतर सर्व वस्तूंना खुशाल लावा. आमच्याकडचा नळ अजून ठिबकतो आहे. झाडे मजेत आहेत.